मोठ्याने वाचून दाखवा

माझी आत्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. तालुक्याच्या गावी एका बँकेत तिची चार लाखांची मुदत ठेव होती. मुदत संपली म्हणून ती पावती घेऊन नूतनीकरणाला गेली. काउंटरवरच्या मुलाने तिला खुर्ची दिली, चहा मागवला, 'मॅडम, याच्यापेक्षा चांगली स्कीम आहे' असं सांगितलं. आत्याने सांगितलेल्या ठिकाणी सह्या केल्या. दोन दिवसांनी फोन आला. मुलाने आधीच सांगून ठेवलं होतं की फोन येईल, सगळ्याला हो म्हणा. आत्या हो म्हणाली. वर्षभराने मोबाइलवर मेसेज आला की विम्याचा दुसरा हप्ता थकला आहे. तिने घेतली होती ती ठेव नव्हतीच. दहा वर्षं दरसाल हप्ता भरायची ती विमा पॉलिसी होती.

या प्रकरणात मी त्या मुलाला दोनदा भेटलो. पहिल्यांदा भांडायला गेलो होतो. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तो दुसरीकडे नोकरीला लागला होता आणि मोकळेपणाने बोलला. तो शेजारच्याच गावचा, बीकॉम झालेला. विमा विकण्यासाठी लागणारी परीक्षा रीतसर पास झालेला. 'ग्राहकाच्या गरजेनुसारच उत्पादन सुचवावे' हे वाक्य त्याला पाठ होतं. कंप्यूटरवरच्या मोड्यूलमध्ये त्यावर प्रश्नही होता आणि त्याने बरोबर उत्तरावर टिक केली होती. पण रोज संध्याकाळी सहाला शाखेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच प्रश्न यायचा : 'आज किती?'

म्हणजे त्याचं शिक्षण दोन शाळांत चाललं होतं. एक शाळा वर्षातून एकदा भरायची आणि दुसरी रोज संध्याकाळी.

त्यानंतर मी एक प्रश्न घेऊन वाचत सुटलो. दुसऱ्याचा पैसा हाताळणाऱ्या माणसाला 'समोरच्याला फसवू नकोस' हे शिकवायची सुरुवात आपल्याकडे कधी झाली? आणि त्यातलं काय चाललं, काय वाया गेलं? हा शोध मला एखाद्या बँकेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये नेईल असं वाटलं होतं. त्याने मला नेलं पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात.

नांगराची निशाणी

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावात बाजाराचा दिवस होता. आजूबाजूच्या गावांतले शेतकरी जमले आणि सावकारांच्या घरा-दुकानांवर चालून गेले. इतिहासाच्या पुस्तकात आपण याला 'दख्खनचे दंगे' म्हणतो. शाळेत दोन गुणांसाठी हे पाठ करताना एक गोष्ट निसटते. जमावाला मुख्यतः हवे होते ते कागद. कर्जरोखे, खतं, वह्या, हुकूमनामे. ते मिळाले तिथे जाळले गेले. मिळाले नाहीत तिथे मारहाण आणि जाळपोळ झाली. पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत हे लोण पसरलं.

कागदावर एवढा राग का? अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सावकार सढळ हाताने कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, त्यातच सरकारने शेतसारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. पण खरी मेख कायद्यात होती. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू चांगला होता, व्याज साचत जाऊ नये हा. सावकारांनी तोच कायदा उलटा फिरवला. दर तीन वर्षांनी जुनं मुद्दल आणि थकलेलं व्याज एकत्र करून त्याचा नवा रोखा करायचा. व्याजाचं मुद्दल व्हायचं आणि त्यावर पुन्हा व्याज चढायचं.

रोख्यावर शेतकऱ्याची सही कशी असायची? बहुतेकांना लिहिता येत नसे. मग नावापुढे नांगराचं चित्र काढलं जाई, 'निशाणी नांगर'. वर काय लिहिलं आहे ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. कोर्टात मात्र तो नांगर म्हणजे संपूर्ण संमती. आत्याच्या 'हो'मध्ये आणि त्या नांगरात मला फारसा फरक दिसत नाही.

गावचा निबंधक

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली एक कायदा आला. डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट, म्हणजे दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणं त्याने थांबवलं. कर्जाच्या मुळाशी जाऊन हिशेब तपासण्याचा अधिकार न्यायालयांना दिला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याच कायद्याखालच्या कामकाजावर देखरेख करण्याचं काम अनेक वर्षं केलं.

पण आपल्या विषयासाठी त्यातलं एक पात्र फार महत्त्वाचं आहे : गावचा निबंधक, म्हणजे व्हिलेज रजिस्ट्रार. शेतकऱ्याने करून द्यायचा दस्तऐवज या माणसाने स्वतः लिहायचा किंवा आपल्या देखरेखीखाली लिहवून घ्यायचा. नंतर तो मोठ्याने वाचून दाखवायचा. आणि सही करणाऱ्याला मजकूर समजला आहे याची स्वतःची खात्री करून मगच सही किंवा निशाणी घ्यायची. हे झालं नसेल तर तो कागद कोर्टात पुरावा म्हणून चालणार नाही.

मला वाटतं, आपल्याकडे पैशाच्या व्यवहारात ग्राहकाच्या बाजूने उभं राहण्याचं काम एखाद्या माणसाच्या नोकरीचा भाग म्हणून लिहून ठेवलं गेलं त्याचं हे फार जुनं आणि ठळक उदाहरण आहे. त्यात दोन गोष्टी हुशारीने बांधल्या होत्या. एक, समजावून सांगणारा माणूस सावकाराचा नोकर नव्हता. दोन, समजावलं नाही तर नुकसान सावकाराचं होतं, कारण त्याचा कागद रद्दी ठरत होता. निबंधकाला सचोटीचे धडे दिले होते की नाही हा प्रश्न त्यामुळे दुय्यम झाला. चांगलं वागण्याची सोय कायद्याच्या रचनेतच होती.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. पैसे भरले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळाली पाहिजे, वर्षाचा हिशेब मिळाला पाहिजे आणि त्याने मागितलं तर नोंदीचं पासबुकही मिळालं पाहिजे. आज आपण प्रिंटिंग मशीनमध्ये सरकवतो ते पासबुक इथे कर्जदाराच्या हक्काच्या रूपात कायद्यात आलं होतं.

मग हा कायदा यशस्वी झाला का? अर्धामुर्धा. सावकारांनी नवी वाट शोधली. कर्जाच्या कागदाऐवजी जमिनीचं खरेदीखत करून घ्यायचं. तोंडी सांगायचं, पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर ती सरळ विक्री. व्यवहार तोच, त्याचं नाव फक्त बदललं. पुढे कायद्यात दुरुस्ती करून न्यायालयांना अशा विक्रीच्या पडद्यामागे पाहण्याची मुभा द्यावी लागली. ठेवीच्या नावाखाली विमा विकण्याची कल्पना काही आपल्या काळात जन्मलेली नाही.

'संरक्षण' कुणाचं?

सावकाराच्या जागी हळूहळू बँक आली. बँकेत कारकून लागले, कारकुनांना शिकवावं लागलं. १९२८ साली मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ बँकर्स ही संस्था निघाली. बँकेतल्या लोकांच्या परीक्षा घेणं हे तिचं काम. आज जेएआयआयबी आणि सीएआयआयबी देणाऱ्या हजारो तरुणांना ती आयआयबीएफ या नावाने माहीत आहे. १९५४ मध्ये रिझर्व्ह बँकेने मुंबईत बँकर्स ट्रेनिंग कॉलेज काढलं. १९६९ मध्ये नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ बँक मॅनेजमेंट स्थापन झालं, जे आता पुण्यात कोंढव्याला आहे.

या परंपरेतली बँकिंग कायद्याची जुनी पुस्तकं चाळली तर एक गंमत दिसते. 'संरक्षण' हा शब्द त्यांत जागोजागी येतो, पण तो बँकेच्या संरक्षणाबद्दल असतो. १८८१ च्या पराक्राम्य लेख कायद्याने चेकचे पैसे देणाऱ्या बँकेला कोणतं संरक्षण दिलं आहे, चेक वसूल करणाऱ्या बँकेला कोणतं, ते मिळवण्यासाठी कारकुनाने काय काळजी घ्यावी. हे शिकवणं चुकीचं नव्हतं. खोटी सही ओळखता आली नाही तर ठेवीदाराचंच नुकसान होतं. पण पिढ्यान्‌पिढ्या बँकेतला माणूस हेच शिकून बाहेर पडला की आपलं काम म्हणजे बँकेवर बालंट येऊ न देणं.

विम्यात चित्र आणखी वेगळं होतं. तिथे दारात येणारा माणूस कमिशनवर जगणारा. १९३८ च्या विमा कायद्याने एजंटला परवाना सक्तीचा केला, कमिशनवर मर्यादा घातली आणि कमिशनमधला वाटा ग्राहकाला देऊन पॉलिसी गळ्यात मारण्यावर बंदी आणली. तरी खासगी कंपन्यांतले गैरप्रकार थांबले नाहीत. १९ जानेवारी १९५६ च्या संध्याकाळी अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवरून बोलले आणि जीवन विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर झालं. २४५ विमा कंपन्या आणि भविष्य निर्वाह संस्था एकत्र होऊन १ सप्टेंबर १९५६ ला एलआयसी उभी राहिली. मालक बदलला. एजंट आणि कमिशन मात्र तसेच राहिले.

खिडकीपलीकडची माणसं

जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा देशात बँकांच्या सुमारे ८,२६२ शाखा होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. ज्यांच्या आजोबांनी नांगराची निशाणी केली होती त्यांची नातवंडं बँकेच्या दारात आली. एवढ्या शाखांसाठी लाखो माणसं भरती झाली आणि तक्रारींचा सूरही बदलला. आता तक्रार फसवणुकीपेक्षा उपेक्षेची होती. रांग हलत नाही, पासबुक भरून मिळत नाही, खिडकीपलीकडचा माणूस मान वर करत नाही.

१९७५ मध्ये सरकारने स्टेट बँकेचे अध्यक्ष आर. के. तलवार यांच्या नेतृत्वाखाली बँकांतल्या ग्राहकसेवेवर अभ्यासगट नेमला. त्याचा अंतिम अहवाल आला १९७७ मध्ये. मधल्या काळात आणीबाणी होती. एका उद्योगसमूहाच्या कर्जाबाबत संजय गांधींच्या वर्तुळातून आलेला दबाव तलवारांनी जुमानला नाही. त्यांना हटवणं सोपं जावं म्हणून स्टेट बँकेच्या कायद्यातच बदल झाला आणि त्यांना पद सोडावं लागलं. नियमाने वागायचं काय असतं हे एवढ्या वरच्या माणसालाही किती महाग पडू शकतं, ते खालच्या प्रत्येक कारकुनाने पाहिलं असणार.

त्याच सुमारास महाराष्ट्रात दुसऱ्या बाजूने काम सुरू झालं होतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली. कर्मचाऱ्याला शहाणं करायची वाट पाहण्यापेक्षा ग्राहकाला शहाणं करू, हा त्यामागचा विचार. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा येण्यामागे अशा चळवळींचा मोठा वाटा आहे. त्या कायद्याने 'सेवे'च्या व्याख्येत बँकिंग आणि विम्याचं नाव घालून ठेवलं. खातेदार अर्जदार राहिला नाही, ग्राहक झाला. १९९० च्या गोईपोरिया समितीने पुन्हा ग्राहकसेवेचा आढावा घेतला आणि १९९५ मध्ये बँकिंग लोकपाल आला.

तासांचा हिशेब

१९९१ नंतर सगळंच उलटं झालं. जो कारकून मान वर करत नव्हता त्याची जागा चहा मागवणाऱ्या मुलाने घेतली. २००० साली विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं आणि बँकांनाही विमा विकायची परवानगी मिळाली. आता शाखेत येणारा प्रत्येक ठेवीदार संभाव्य गिऱ्हाईक होता.

याचा धोका नियामकांना कळत नव्हता असं नाही. विमा नियामकाने २००० साली एजंटसाठी किमान शंभर तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. २००७ मध्ये त्याचे पन्नास तास झाले. कर्जवसुलीची कथाही अशीच. वसुलीसाठी गुंड पाठवण्याच्या प्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००७ मध्ये एका मोठ्या खासगी बँकेच्या खटल्यात कडक शब्दांत ताशेरे ओढले. एप्रिल २००८ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुली एजंटांसाठी नियम जारी केले. त्यांच्यासाठीही किमान शंभर तासांचा अभ्यासक्रम आखायला सांगण्यात आलं आणि परीक्षा घेणारी संस्था तीच, १९२८ ची आयआयबीएफ.

दर वेळी गैरप्रकार झाला की उत्तर एकच : त्यांना ट्रेनिंग द्या. तास मोजता येतात, परीक्षा घेता येते, प्रमाणपत्र फाइलला लावता येतं. आणि उद्या काही झालं तर कंपनीला सांगता येतं की आम्ही तर शिकवलं होतं, चूक त्या मुलाची. म्हणजे पुन्हा जुन्या पुस्तकातलंच 'संरक्षण', संस्थेचं.

ट्रेनिंग आणि टार्गेट एकमेकांसमोर उभे राहिले की काय होतं, याची नीट नोंद झालेलं एक प्रकरण अमेरिकेतलं आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये वेल्स फार्गो या बँकेला साडेअठरा कोटी डॉलरचा दंड झाला. कर्मचाऱ्यांनी ग्राहकांना न विचारता त्यांच्या नावाने खाती आणि कार्डं काढली होती. सुरुवातीचा अंदाज वीस लाखांच्या आसपासचा होता. पाच वर्षांत सुमारे ५,३०० जणांना कामावरून काढलं होतं. या कर्मचाऱ्यांना नीतीचे वर्ग दिले गेले नव्हते का? दिले होते. खोटी खाती काढू नका, असं वर्गात स्पष्ट सांगितलं जात होतं. पण प्रत्येक ग्राहकामागे आठ उत्पादनं विकण्याचं ध्येय शाखेत रोज तपासलं जात होतं. प्रकरण बाहेर आल्यावर बँकेने शाखांमधली विक्रीची टार्गेटं बंद केली. वर्षानुवर्षांच्या वर्गांनी जे साधलं नव्हतं, ते कुठून सुरू करायला हवं होतं हे त्या एका निर्णयानेच मान्य केलं.

पुन्हा सुप्याकडे

गेल्या दहा-बारा वर्षांतले आपल्याकडचे नियम वाचताना मला सुप्याची आठवण येते. डिसेंबर २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहकांच्या पाच हक्कांची सनद काढली. त्यात एक हक्क आहे 'योग्यतेचा' : ग्राहकाची गरज आणि आर्थिक स्थिती पाहूनच त्याला उत्पादन विकलं गेलं पाहिजे. २०१७ पासून बँकेने चुकीच्या पद्धतीने विकलेल्या विमा किंवा म्युच्युअल फंडाबद्दल लोकपालाकडे जाता येऊ लागलं. ऑगस्ट २०२२ मध्ये ठरलं की वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही. पुढच्याच महिन्यात कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांना सांगितलं गेलं की ग्राहकाच्या फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सना, फोटोंना हात लावायचा नाही. हप्ता चुकला की सगळ्या नातेवाइकांना मेसेज पाठवणाऱ्या अ‍ॅप्सचा तो काळ तुमच्यापैकी काहींनी जवळून पाहिला असेल.

आणि मग एप्रिल २०२४ चं परिपत्रक. कर्ज देताना ग्राहकाला 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यायचं. म्हणजे व्याज, शुल्क, सगळा खर्च धरून येणारा वार्षिक दर आणि अटी थोडक्यात सांगणारा कागद. तो ग्राहकाला समजणाऱ्या भाषेत हवा. त्यातला मजकूर त्याला समजावून सांगायचा आणि समजल्याची पोच घ्यायची.

समजणाऱ्या भाषेत, समजावून, आणि समजल्याची खात्री करून. १८७९ नंतर १४५ वर्षांनी आपण त्याच वाक्यापाशी आलो. फरक एवढाच की तेव्हा वाचून दाखवणारा माणूस सावकाराचा नव्हता, आता तो कर्ज देणाऱ्याच्याच पगारावर आहे आणि संध्याकाळी सहाला त्यालाही कुणीतरी विचारतं, 'आज किती?'

म्हणून मला या इतिहासातून एकच गोष्ट पटते. कर्मचाऱ्याला शिकवायला हवंच. आत्याला भेटलेल्या मुलाला नियम माहीत होता, म्हणूनच तर पुढे त्याला स्वतःची लाज वाटली. पण शिकवलेलं टिकतं ते तिथेच, जिथे चुकीच्या विक्रीचा तोटा विकणाऱ्या संस्थेला होतो. कागद रद्दी ठरण्याची भीती असली की वाचून दाखवण्याचं काम नीट होतं. विमा पॉलिसी हातात आल्यावर ती परत करण्याची मुदत आधी पंधरा दिवस होती, २०२४ पासून ती तीस दिवस झाली. माझ्या मते अशी एक तरतूद पन्नास तासांच्या वर्गापेक्षा जास्त काम करते, कारण ती ग्राहकाला घरी जाऊन शांतपणे वाचायला वेळ देते आणि विकलेली पॉलिसी परत येण्याची धास्ती विकणाऱ्याला घालते.

आत्याच्या तक्रारीला बँकेने आधी उत्तर दिलं की प्रत्येक पानावर सही आहे आणि फोनवरच्या पडताळणीत ग्राहकाने होकार दिला आहे. आम्ही लोकपालाकडे गेलो. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर घरबसल्या ऑनलाइन तक्रार करता येते. सात महिन्यांनी पैसे परत आले, व्याजाशिवाय.

आत्याने ते पैसे दुसऱ्या एका शाखेत ठेवले. मी सोबत गेलो होतो. तिथली मुलगी नवीन होती, गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी अजून कोरी. तिने फॉर्म पुढे केला आणि सवयीने बोट ठेवलं, 'इथे सही, मॅडम.' आत्याने चष्मा लावला, फॉर्म उलटा करून तिच्याकडे सरकवला आणि चौतीस वर्षं वर्गात वापरलेल्या आवाजात म्हणाली, 'आधी मोठ्याने वाच बघू.'

मुलगी एकदा माझ्याकडे बघून हसली. मग तिने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मागे रांगेत चार माणसं होती. तीही ऐकत होती.